भूगोल नंतर बघू, म्हणणाऱ्यांना

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहानंतर जे बोललं जातं ते सहसा मनावर घ्यायचं नसतं. मागच्या वर्षी मात्र एका साधनव्यक्तीनं मांडलेलं म्हणणं अजून उतरलेलं नाही. पोराला धड जोडाक्षर वाचता येत नाही आणि तुम्ही त्याला पठार कसले शिकवताय, असा त्यांचा सवाल होता. तिसरी ते पाचवी निव्वळ वाचन आणि गणित घ्या, डोंगर-नद्या सहावीत येणारच आहेत. तोवर कुणाचं काही अडलंच, तर घरोघरी मोबाइल आहे. शेवटी थोडा आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि ते ऊसतोडीचं वगैरे वर्गात काढत जाऊ नका. पोरं खजील होतात." सभागृहात माना डोलल्या. केंद्रप्रमुखांनी आभार मानले आणि आम्ही सह्या करून घरी आलो.

महिनाभरात माझ्या वेळापत्रकातले परिसर अभ्यासाचे दोन तास भाषेकडे वळवले गेले. म्हणून हा लेख.

जे खरं आहे ते आधी कबूल करतो. वाचनाची परिस्थिती वाईट आहे. 5 जुलै 2021 ला निपुण भारत अभियान सुरू झालं, आणि 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि हिशेब करता यावा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्याच्याशी माझं भांडण असायचं काही कारण नाही. चौथीत येऊनही अक्षर स्तरावर अडकलेली पोरं माझ्याही वर्गात आहेत. भांडण आहे ते 'आधी' या शब्दाशी. आधी वाचन, मग भूगोल, हा क्रम कुणी ठरवला? आणि त्या वाचनात वाचायचं काय? कमल, नमन, बदक?

त्या अक्षर स्तरावरच्या पोरांतल्या एकाची गोष्ट सांगतो. मार्चच्या शेवटी तो आई-बापाबरोबर उसाच्या फडावरून परतला होता. चाचणीत उतारा पुढे ठेवला की खाली मान घालायचा. एकदा सहज विचारलं, "कुठवर गेला होतास रे?" तर त्यानं एका दमात वाट सांगितली. केज, कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज. ट्रक कुठं पंक्चर झाला, कुठं थंडी वाजली, कुठून पुढं रान हिरवं दिसायला लागलं, तेही सांगितलं. मी ती नावं त्याच क्रमानं फळ्यावर लिहिली आणि म्हटलं, वाच. त्यानं वाचली. 'बार्शी'वरचा रफार वाचला, 'कुर्डुवाडी'वरचाही वाचला. आठ दिवसांपूर्वी 'सूर्य' या शब्दावर तो अडला होता, त्याच रफारावर. आता कुणी म्हणेल, त्यानं वाचलं नाही, पाठ होतं ते ओळखलं. असेल. पण ओळखीच्या शब्दावरूनच पोर अनोळखी अक्षराकडे जातं, हे वाचन शिकवणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. त्या पोराकडे सर्वांत जास्त ओळखीचे शब्द होते ते गावांचे. म्हणजे भूगोलाचे. तुम्ही नेमका तोच तास काढून घेतलात.

आमच्या तेलगावला तर भूगोलाच्या तासासाठी शाळेच्या बाहेर पाऊल टाकलं तरी पुरे. धारूर तालुक्यातलं हे गाव चौफुलीचं गाव म्हणून ओळखलं जातं. चौकात उभं राहा. उत्तरेला माजलगाव, दक्षिणेला धारूर, पश्चिमेला वडवणीवरून बीड, पूर्वेला, जरा दक्षिणेकडे कलून, सिरसाळ्यावरून परळी. एसटीची वाट बघणाऱ्या म्हातारीलाही ज्या चार दिशा ठाऊक आहेत त्या शिकवायला होकायंत्राची पेटी मागवायची गरज नाही. तरीही भिंतीवरचा नकाशा बघून बघून चौथीतली पोरं उत्तर दिशा कुठं म्हटलं की वर आढ्याकडे बोट दाखवतात. दोष पोरांचा नाही. नकाशा आपण खिळ्याला टांगतो आणि उत्तर छताला चिकटवून ठेवतो. मी एकदा शाळेच्या मैदानावर रांगोळीनं चौक काढला, चारही रस्ते ज्या त्या दिशेला ओढले, आणि पोरांना सांगितलं, आपापल्या मामाच्या गावाकडे तोंड करून उभे राहा. पाच मिनिटं गोंधळ झाला. मग कुणी घाटाकडे, कुणी धरणाकडे, अशी तोंडं वळली. त्या दिवसानंतर उत्तरेसाठी कुणी आढ्याकडे बोट केलं नाही. या तासाला छापील साहित्य लागलं नाही, आणि म्हणूनच बहुधा तो अहवालात कुठल्या रकान्यात बसत नाही.

धारूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात घाट लागतो. ही बालाघाटची कड. आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे लोकांनी फार आधीपासून पाडलेले आहेत: घाटावरचा मुलूख आणि खाली गोदेच्या काठाची गंगथडी. 'पठार' हा शब्द पुस्तकातून शिकवायला गेलं की पोरं जांभया देतात. घाट चढून गेल्यावर पुन्हा सपाट रान कसं लागतं, असं विचारलं की सगळे एकदम बोलायला लागतात. घाटाखाली पडलेलं पावसाचं पाणी ओढ्यानाल्यांनी थेट गोदावरीच्या बाजूला निघतं. माथ्यापलीकडे, केजच्या अंगाला पडलेलं मांजरेला मिळतं, धनेगावच्या धरणात थांबतं, लातूरकडून वळसा घालतं आणि तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ शेवटी गोदावरीतच येतं. एकाच ढगातले दोन थेंब, मध्ये एक डोंगर, आणि पुन्हा भेट व्हायला एवढी मोठी वाट. जलविभाजक हा शब्द मी शेवटी सांगतो. तोवर पोरांनी गोष्ट आपापल्या परीनं पुढं नेलेली असते.

याच गोष्टीत एक फजितीही आहे. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. गंगेला पूर आला, गंगेवर अस्थी नेल्या, सगळं गंगा. एका चाचणीत प्रश्न होता, गंगा नदी कुठे उगम पावते? एका मुलीनं लिहिलं, त्र्यंबकेश्वरला. तपासणाऱ्यानं फुली मारली. मी तिला पूर्ण गुण दिले आणि मग नकाशावर दोन्ही गंगा दाखवल्या. तिला तिची गंगा खोटी वाटायला नको होती. हिमालयातलीही कळायला हवी होती. फुलीनं यातलं एकही काम झालं नसतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो खजील होण्याचा. डोंगर, नद्या, पाऊस हे निरुपद्रवी आहे, ते हवं तर शिकवा. पण माणसं कुठं जातात, का जातात, कुणाकडे पाणी आहे आणि कुणाकडे नाही, हे लहान मुलांसमोर नको, असा एक समज आपल्या शिक्षकवर्गात मुरलेला आहे. प्राकृतिक भूगोल सोवळा आणि मानवी भूगोल ओवळा. तेलगावला उभं राहून ही वाटणी करून दाखवा, मला बघायचंय.

तेलगावलाच साखर कारखाना आहे, सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा. गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आणि मळीचा वास शाळेतल्या पोरांच्या नाकातोंडात असतो. ऊस येतो कुठून? बराचसा खालच्या, पाण्याच्या पट्ट्यातून. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पायाभरणी समारंभ 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाला, 1976 साली लोकार्पण झालं, आणि त्याचा उजवा कालवा गोदावरीचं पाणी माजलगावच्या धरणापर्यंत घेऊन आला. सिंदफणेवरचं हे धरण म्हणजे जायकवाडीचाच दुसरा टप्पा. पाणी असं आलं तिथं ऊस आला. ते घाट चढून वर गेलं नाही. पाणी चढावर जात नसतं, हे तिसरीतल्या पोरालाही ठाऊक आहे. मग घाटावरच्या आणि घाटाच्या पायथ्याच्या कोरडवाहू वाड्या-तांड्यांवरून दिवाळी झाली की मुकादमाची आगाऊ उचल घेतलेले कोयते निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, आणि पुढं बेळगाव. आपल्या दारात कारखाना आणि आपले आई-बाप दुसऱ्याच्या कारखान्याला, हे कोडं पोरांसमोर रोज उभं असतं. ते सोडवायला लागतं काय? पर्जन्यछाया लागते, काळा पाषाण लागतो, कालव्याचा उतार लागतो, आणि उचल-मुकादम लागतात. यातला प्राकृतिक कुठला आणि मानवी कुठला, सांगा बरं.

बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. महाबळेश्वरला याच्या कितीतरी पट, पाच हजारांच्या वर. कृष्णेच्या वरच्या खोऱ्याला तो पाऊस मिळतो, आपल्याला ढगांचं उरलंसुरलं मिळतं. हे दोन आकडे फळ्यावर मांडले की गणिताचाही तास होतो. भाषेकडे तास वळवणाऱ्यांनी हेही बघावं.

कोयता या शब्दाचंच घ्या. वर्गात नकाशाची सूची शिकवत होतो, एक ठिपका म्हणजे किती माणसं वगैरे. डोकी लवत नव्हती. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, जसं एक कोयता म्हंजी दोन माणसं. नवरा-बायको. एकलाच आसंल तर अर्धा कोयता." वर्गातली निम्मी पोरं मान हलवायला लागली. परिमाण म्हणजे काय, एकक म्हणजे काय, हे त्या मुलीनं पुस्तकापेक्षा नेमकं सांगितलं. ती खजील झाली नव्हती. उलट वर्षात पहिल्यांदा तिनं आपणहून तोंड उघडलं होतं. मग आम्ही महाराष्ट्राच्या नकाशावर एका कोयत्याला एक ठिपका असे ठिपके दिले. कोल्हापूर-सांगलीच्या जागेवर पेनाची शाई पसरली.

खजील पोरं होत नाहीत हो, आपण होतो. पोराला शरम वाटते ती त्याचं जगणं वर्गात उच्चारायचं नसतं हे त्याला आपल्याकडून कळतं तेव्हा. दुकानात मिळणारा 'आपले व्यवसाय' नावाचा तक्ता आठवा. सुतार, कुंभार, डॉक्टर, पोलीस, वैमानिकसुद्धा. त्या तक्त्यावर ऊस तोडणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. आमच्या वर्गातल्या पोरानं विमान चालवणारा माणूस कधी बघितलेला नाही, तो तक्त्यावर. आई मात्र नाही.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावतो, कारण ती माझ्या बाजूची आहेत. 'परिसरातून जगाकडे' हे आपलं आवडतं वाक्य. आधी घर, मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश, अशी गोल गोल वर्तुळं. आमच्या पिढीला तिसरीला जिल्ह्याचा भूगोल होता आणि चौथीला महाराष्ट्राचा, तो याच हिशेबानं. विचार वाईट नाही. पण मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी वाइल यांनी 1951 साली जिनिव्हाच्या मुलांशी केलेल्या बोलण्याची गंमत अशी की लहान मुलांना आपण जिनिव्हाचेही आहोत आणि स्विसही, हे एकाच वेळी पटत नव्हतं. एकात एक बसणारी वर्तुळं ही मोठ्यांची सोय आहे. आणि आमच्या पोरांचं तर त्याहून वेगळं. त्यांच्यातल्या कित्येकांनी बीड बघितलेलं नाही, पण पंचगंगेचं पाणी बघितलंय. त्यांचं जग वर्तुळासारखं नाही, रस्त्यासारखं आहे. गाव, मग आठ तासांचा ट्रक, मग फड. मधला जिल्हा अंधारात गेला. अशा पोराला चौथी येईपर्यंत जिल्ह्याच्या सीमेच्या आत अडकवून ठेवणं म्हणजे परिसराचं कौतुक करता करता त्याला कोंडून घालणं आहे. परिसर म्हणजे पोराचे पाय जिथवर गेले तिथवर. मिरज हा माझ्या वर्गाचा परिसर आहे.

मिरजेवरून आठवलं. मांजरा धरण आटलं आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यातलं, केज तालुक्यात धनेगावला. म्हणजे आमचे लोक मिरजेच्या बाजूला ऊस तोडायला जातात आणि मिरजेचं पाणी आमच्या शेजारच्या शहराला गाडीत बसून येतं. हे मी चौथीला सांगितलं तेव्हा एका मुलानं विचारलं, "मग पाणीच आधी इकडं आणलं आसतं तर?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्या साधनव्यक्तींकडेही नसावं. प्रश्न मात्र चौथीतल्या, वाचनात मागं पडलेल्या पोराचा होता.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही, तो मुद्दाच फारसा नाही. फोनवरच्या नकाशात निळा ठिपका म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही कायम मधोमध. कागदाच्या नकाशावर स्वतःला शोधावं लागतं. शिकणं त्या शोधण्यात आहे. धारूरचा रस्ता कुठं वळतो ते फोन सांगतो. तो तिथंच का वळतो हे घाट सांगतो.

उलट काही गोष्टी फोनपेक्षा काठीनं बऱ्या कळतात. मीटरभर लांबीची सरळ काठी मैदानात रोवा आणि दुपारच्या सावलीची लांबी रोज मोजा. पहिला धक्का असा की सावली सर्वांत आखूड बारा वाजता होत नाही. आमच्याकडे ती सरासरीनं होते बारा वाजून वीस मिनिटांच्याही पुढे. घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि तेलगाव त्याच्या सव्वासहा-साडेसहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. पोरांनी हा गुणाकार बोटांवर केला. दुसरा धक्का संक्रांतीचा. 14 जानेवारीला शाळाशाळांत भूगोल दिन होतो, पृथ्वीच्या गोलाला हार घालतात आणि आजपासून सूर्य उत्तरेकडे निघाला असं भाषणात हमखास सांगतात. आमची काठी काही वेगळं सांगते. 22 डिसेंबरनंतर तिची दुपारची सावली आखडायला लागलेली असते आणि संक्रांतीपर्यंत ती तीन-चार बोटं कमी झालेली असते. भाषणाच्या वेळी माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं माझ्याकडे बघून हसत होती. एवढा एक प्रसंग सोडला तर मला भूगोल दिनाबद्दल तक्रार नाही.

तिसरी गोष्ट सावली पूर्ण नाहीशी होण्याची. आपल्या अक्षांशावर ती वर्षातून दोनदा होते, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. जुलैत आभाळ असतं. मेमध्ये सुट्टी असते, म्हणून बहुतेक शाळांत ती कधी दिसतच नाही. पण मेमध्ये आमची सगळी पोरं गावात असतात, फडावरून परत आलेली. मी सुट्टीत पारापाशी काठी रोवली. पोरं आलीच, त्यांच्या मागून बायाही आल्या. सावली काठीच्या पायात गेली तेव्हा एक बाई म्हणाली, फडात आम्हाला हे कधी दिसलं नाही. दिसणार कसं? फडाचे दिवस हिवाळ्याचे, तेव्हा दुपारची सावली लांब असते आणि उत्तरेला पडते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "व्हय, मोळी बांधताना सावली म्होरं पडायची." तिला आठवत होतं.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली, कारण गुरं राखणारी पोरं शाळेत येत नव्हती. शाळा पोरांकडे गेली. साखरशाळा, हंगामी वसतिगृह, स्थलांतरित मुलांचं शिक्षण हमी कार्ड, हे सगळं त्याच वाटेवरचं, कमीजास्त यशाचं. पण पोर जिथं जातं तिथली माती, पाणी, नदी त्याला कळावी, म्हणजे ते दोन्हीकडे उपरं राहणार नाही, एवढं काम तर कार्डाविना, अनुदानाविना, तेलगावच्या वर्गात बसून होतं. त्याला एक नकाशा लागतो आणि आठवड्याचे दोन तास लागतात.

नकाशा माझ्याकडे आहे, जुना आहे, कोपऱ्यात फाटलाय, चालतो. दोन तास तेवढे परत द्या. द्यायचे असतील तर सहामाहीच्या आत द्या, कारण दिवाळीनंतर निम्मा वर्ग इथं नसतो.